चक्की आली, जातं मुकं झालं

...आणि वर ही गावातली पोरं मलाच शिकवतात, ‘आबा, काय बदलना, आपुन बी बदलाले जोयजे!’ अहो, काळ बदलला, याला मी कुठं नाही म्हणतो? शिरपुरात शांतीलालशेठनं इंजिनावरची पिठाची चक्की बसवली तेव्हा नारळ कुणी फोडला? मीच! घरी येऊन सुनेला सांगितलं... सुनेला म्हणजे भिंतीला हो, सासऱ्यानं सुनेशी बोलायचं नाही ना आमच्यात... ‘आजपासून जात्याला हात लावायचा नाही!’ पोरीच्या तळहाताला घट्टे पडले होते, तुम्हाला सांगतो. केवढा खूश होतो मी!

आता गंमत ऐका. गंमत कसली, कपाळ! दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर घर असं गप्प, असं गप्प, की आमच्या मंडळीला, भागाबाईला, हलवून विचारलं, ‘अगं, कोणी गेलं की काय?’ ती कूस न बदलता म्हणाली, ‘जानारा तं कव्हयच गया.’

गेला तो आमचा कौतिक. एकुलता एक मुलगा. तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून घरात त्याचं नाव कोणी घेत नाही. नाव निघालं की आई ताटावरून उठते, मी ओट्यावर जाऊन बसतो, आणि बायकोनं तर नवऱ्याचं नाव घ्यायचंच नसतं. पण जात्यावर बसलं की सगळं चालतं! रोज पहाटे सून ओवीत त्याचं नाव घ्यायची, आणि मी तोंडावर गोधडी ओढून ऐकत पडायचो. तेच मी बंद केलं! स्वतःच्या तोंडानं! बदलाले जोयजे म्हणे...

मग काय, पुन्हा जात्याला बसवू पोरीला? घट्टे आता कुठं मऊ पडायला लागले होते. कुठल्या तोंडानं सांगू? नाहीच सांगितलं. ज्वारीचा डबा उचलला आणि स्वतः चक्कीवर निघालो, मागून पदर ओढून सून. तिथं ही गर्दी, इंजिनाची ती धडधड, पिठानं पांढरेफटक झालेले शेठ ओरडतायत, ‘आबा, डबा कोना नावना?’ जो तो घरच्या कर्त्याचं नाव सांगतो. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘कौतिक!’

शेठ थबकले. त्यांना ठाऊक होतं हो सगळं. पण दळण झालं तसे इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडले, ‘कौतिकना डबा व्हयना! ली जा!’

अख्ख्या बाजारानं ऐकलं! मला रडू आवरेना. पदराआड सून हुंदके देत होती, आणि तुम्हाला सांगतो, या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली, ‘आबा... उद्या बी दयन आनुत का?’

दळण आणतो ना, रोज आणतो! तीन माणसांचं घर, पीठ ठेवायला भांडं उरलं नाही, भागाबाई कपाळ बडवते, ‘पीठमा किडा पडनात!’ पडू देत. काय बदलना, आपुन बी बदलाले जोयजे...

घरची ज्वारी परवाच संपली. आता शेजाऱ्यांचं दळण मीच नेऊन देतो... नाव तेवढं आमच्या कौतिकचं सांगतो.