विनायकची हळद आणि किशोरीचा पॉप अल्बम

नाय, तुमी मला एकच सांगा… हळदीच्या गाण्यातनं बेंजो काढून टाकल्यावर मागं उरतं काय? हळद! नुसती हळद! ती तर वाण्याकडं पण मिळते, त्याला आमची बेंजो पार्टी कशाला पायजे? पण नाय, त्या अंधेरीच्या स्टुडिओवाल्यांचं म्हणणं, "कल्पेशदादा, बेंजो जरा लाऊड वाटतो." अरे बाबा, लाऊडच असतो तो! अख्खा गाव मांडवात नाचतोय, डुलक्या घेत नाय! पण जाऊ दे. बेंजोवाल्याला विचारतो कोण!

तुमाला सांगतो, किशोरी म्हंजे आमची बायको. म्हंजे माझीच, पण बेलपाड्यापासून उरणपर्यंत सगळ्यांना ती आपली वाटते, म्हणून तोंडात 'आमची' येतं. हळदीची गाणी म्हणावी तर तिनं. आणि तिची खासियत काय, तर नावं! आमच्यात हळदीचं गाणं म्हंजे नुसतं गाणं नसतं हो, ज्याच्या घरची हळद त्या घराची नावं त्यात यावी लागतात. नवरा, नवरी, आत्या, मामा, करवली… एक आत्या राहिली ना, की ती आत्या पुढची दहा वर्षं नवऱ्याच्या बापाशी बोलत नाय! किशोरीनं आजपर्यंत एक आत्या सोडलेली नाय. मांडवात शिरता शिरता बायकांना विचारते आणि डोळे मिटून जी सुरू होते ती सुरू. फक्त एक खोड हाय. शेवटच्या घराची नावं तिच्या जिभेवर बसून राहतात, पुढचं घर येईपर्यंत उतरत नायत. सकाळी कोलंबी सोलताना पण लोकांच्या आत्या गात असते. मी विचारतो, "ही शांती आत्या कोण गं?" ती बोलते, "मला काय माहीत, कालची हाय."

तर हिचा व्हिडीओ कुठंतरी बघून आला तो सत्यजीत. पोरगा वाईट नाय हां, पाया बिया पडला, सुकट-भाकरी खाल्ली, डोळ्यातनं पाणी आलं तरी "अमेझिंग" बोलला. मूळचा कोथरूडचा, अंधेरीत गाणी लिहितो, गाणी बनवतो, सगळं त्या लॅपटॉपातनं. बोलला, "ताई, तुमचा आवाज रॉ आहे, आपण पॉप अल्बम करू, अख्खा देश ऐकेल." रॉ म्हंजे कच्चा ना? बारा वर्षं गातेय ती, अजून कच्ची? मग नाव बदललं. किशोरीचं केलं 'किशो'. अल्बमचं नाव 'क्रीक गर्ल', म्हंजे खाडीची पोरगी. अहो, दोन पोरांची आई हाय ती! आणि एकेका गाण्याला लिहिणारे पाच! गाणं चार ओळींचं, लिहिणारे पाच, म्हंजे एकानं नुसता चहा प्यायला की काय? मी बोललो, आपली गाणी तशीच घ्या की, गावानं म्हणून म्हणून गुळगुळीत केलेली हायत. पण बेंजोवाल्याला विचारतो कोण!

पहिल्या दिवशी गेलो स्टुडिओत. ती काचेच्या आत, मी बाहेर एसीत, बेंजो मांडीवर घेऊन, लहान पोराला दवाखान्यात आणल्यासारखा. सत्यजीत बोलला, "ताई, काहीही गा, फक्त माइक बघतोय." झालं! आदल्याच संध्याकाळी आमी कर्नाळ्याच्या बाजूला विनायकच्या हळदीला वाजवून आलेलो. नवरी मनिषा, तळोज्याची. हिनं डोळे मिटले आणि लावला सूर…

मनिषाचे दारान गो विनायक आयलाय,
हळदीचे वासानं गाव जागा झायलाय…

काय गायली, काय गायली! माझी बोटं मांडीवर बंद बेंजोवर चालायला लागली. स्टुडिओतली सगळी पोरं कानावर हात धरून उभी राहिली, म्हंजे हेडफोनवर. सत्यजीत बोलला, "हाच आपला हूक! हीच ओळ परत परत येणार!" मला काय माहीत हूक म्हंजे काय, मला वाटलं मासे पकडायचा.

आणि इकडं त्याच दिवशी… ऐका हां… त्याच दिवशी विनायक-मनिषाचं लग्न मोडलं! कशावरून? टोपीवरून! नवऱ्याच्या थोरल्या काकांना मानाची टोपी द्यायची राहिली. ते बोलले, "आमाला टोपी नाय, तर आमचा पोरगा पण नाय." तिकडनं नवरीचा बाप बोलला, "तर मग न्या पोरगा आणि घाला डोक्यावर!" झालं. मनिषा तळोज्याला, विनायक घरी, वऱ्हाड उपाशी.

दिवस गेले. विनायकचं पुन्हा ठरलं, उरणच्या प्रणालीशी. त्याची आई आमच्याकडं सुपारी घेऊन आली, "किशोरीच पायजे. गेल्या वेळी गाणं चांगलं झालेलं, लग्नाचं सोडा." पण मांडवात सगळ्यांना ताकीद… जुन्या नवरीचं नाव काढायचं नाय! उरणवाले आधीच बिचकून होते, एकदा मोडलेल्या घरात पोरगी देतोय म्हणून. नुसता एक शब्द इकडचा तिकडं झाला की टेम्पो वळवून परत जायच्या तयारीत. विनायकची आई तर माझा हात धरून बोलली, "कल्पेश, आता परत मोडलं ना, तर माझ्या पोराला कोण पोरगी देणार नाय रे." मी बोललो, "ते नाव आमच्या तोंडातनं निघणार नाय."

आणि सत्यजीतला काय सुचावं? बोलला, "दादा, अल्बमचं पहिलं गाणं आपण खऱ्या हळदीतच रिलीज करू! लाइव्ह!" कुठली हळद? तर हीच! उजेड पायजे म्हणून दुपारी चारला हळद लावली. आमच्यात दुपारी चारला हळदीच्या घरातला माणूस अंघोळ पण करत नाय! आणि खरं बघायला गेलं तर नवऱ्याच्या हळदीला नवरीकडची माणसं कशाला येतायत? पण कॅमेरा येतोय कळल्यावर उरणवरनं टेम्पो भरून आले. पुढं प्रणालीचा मामा, काशिराम. मिशी अशी, की हसला काय, रागावला काय, कळायलाच मार्ग नाय.

आता तुमी विचाराल, गाणं आधी ऐकलं नव्हतं का? अल्बमवाल्या कंपनीनं पाठवलेलं हो! पण मी रुसलेलो. बेंजो नाय त्यात, मग मी कशाला ऐकू? आणि किशोरीनं ऐकलं, पण तिला नाव थोडीच ऐकू येतं, तिला सूर ऐकू येतो! बोलली, "छान झालंय, जरा धडधडतंय."

तर पनवेलचा शकील, आमचा साऊंडवाला, तो मशीनला हेडफोन लावून गाणं तपासत होता. बघता बघता त्याचं तोंड उतरलं. मला हाक मारली, "कल्पेशभाय, जरा ऐक… ही मनिषा तीच ना, तळोज्याची? खुदा खैर करे!"

मी कानाला लावलं. आणि तुमाला सांगतो… धडाम धुडूम धडाम धुडूम, आणि वरनं माझ्या बायकोचा आवाज… मनिषाचे दारान, मनिषाचे दारान, म-म-म-मनिषा, मनिषाचे दारान! जिथं जागा मिळेल तिथं मनिषा! लग्न मोडलं तेव्हा पण कुणी तिचं एवढं नाव घेतलं नव्हतं!

धावलो सत्यजीतकडं. "अरे, ही मनिषा कोण हाय माहीत हाय का तुला?" तो बोलला, "ग्रामदेवता ना? आम्ही खूप शोधलं दादा, इंटरनेटवर तिच्याबद्दल एक ओळ सापडली नाही, म्हणजे फारच प्राचीन असणार!" मी बोललो, "प्राचीन नाय रे, ती बी.कॉम. झालेली हाय! बंद कर!" बोलला, "दादा, लाइव्ह सुरू झालंय, आता कंपनीच्या ऑफिसातनं गाणं सुटणार." मी बोललो, "थांबव, माणसाचं लग्न मोडेल!" पण बेंजोवाल्याला…

आणि सुटलं.

म-म-म-मनिषा! पोरं नाचायला लागली, पहिलं कडवं त्यांना कळलंच नाय. विनायक पाटावर, अंगभर हळद, आणि त्या हळदीच्या खाली पोरगा पांढरा पडलेला मला लांबनं दिसला. त्याच्या आईनं तोंडाला पदर लावला. किशोरीला आता कुठं ऐकू आलं! तिनं माइक उचलला आणि वरनं जोरात घातलं, "प्रणालीचे दारान गो!" तर स्पीकर बोलतो मनिषा! ही बोलते प्रणाली, स्पीकर बोलतो मनिषा! प्रणाली! म-म-म-मनिषा! एका नवऱ्याच्या डोक्यावर दोन नवऱ्या भांडतायत! शेवटी शकीलनं सरळ वायरच उपटली.

शांतता. तुमी हळदीत शांतता कधी ऐकलीय? मी पण ऐकली नव्हती. काशिराममामा उठला. "कोण ही मनिषा?"

अख्ख्या मांडवाला माहीत, बोलणार कोण? तर हा सत्यजीत पुढं गेला, कॅमेऱ्याकडं तोंड करून, "काका, मनिषा ही खाडीची आद्य देवता आहे." मामा बोलला, "ही देवता तळोज्याला माझ्या साडूच्या बिल्डिंगमधे दुसऱ्या माळ्यावर राहते! चला रे, टेम्पो चालू करा!"

विनायकची आई खालीच बसली. मला वाटलं, संपलं. एकाच माणसाचं लग्न दोनदा मोडायचं पाप, आणि दोन्ही वेळेला वाजवायला आमीच! माझ्या किशोरीला यापुढं कोण हळदीला बोलवणार? ती माइक धरून उभी, आणि मी एवढा मोठा बाप्या, बेंजोच्या पेटीवर बसून देवाचा धावा करतोय.

तेवढ्यात मामाच्याच हातातला फोन बोलायला लागला. त्यानं भाचीला दाखवायला व्हिडीओ कॉल चालू ठेवलेला, आणि रागात बंद करायचा विसरलेला! प्रणाली तिकडं हातावर मेंदी घेऊन बसलेली. बोलली, "मामा, बस खाली. मनिषा कोण हाय ते मला विनायकनं पहिल्याच भेटीत सांगितलंय. पण एवढं झ्याक गाणं, आणि त्यात नाव तिचं? किशोरीताई, परत म्हणा. माझ्या नावानं. आणि तिचं जेवढ्या वेळा आलं ना, त्याच्यापेक्षा जास्त वेळा!"

आता म्हणणार कशावर? लॅपटॉपात तर मनिषा कोंबून भरलेली, कुठूनही दाबा, तीच बाहेर येते! किशोरीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं हां… आणि मी बेंजो काढला. घाईत बेंजोचं पहिलं बटण भलतंच दाबलं. पण ती डोळे मिटून सुरू झाली, प्रणालीचे दारान गो विनायक आयलाय… किशो बिशो कोण नाय, माझी किशोरी! खरं सांगतो, मला रडायला आलं. वाजवत होतो आणि रडत होतो. पोरांनी पाटासकट विनायकला उचलला, मामाची मिशी हालायला लागली, म्हंजे नाचत होता. मोजायला उरणच्या चार बायका बसलेल्या. किशोरीचा घसा बसला तरी त्या बोलतायत, "अजून एकदा म्हण, वांधा नको!"

लग्न झालं. टोप्या सगळ्यांना दोन-दोन दिल्या.

आणि तो लाइव्ह व्हिडीओ, वायर उपटल्यानंतरचा, तोच पसरला हो सगळीकडं! कंपनी खूश, सत्यजीत खूश. म-म-मवालं गाणं पण निघालंय, ते पण चालतंय. मला वाटलं, चला, आता बेंजोचे दिवस आले.

काल फोन वाजला. बाईचा आवाज. "कल्पेशदादा, मी तळोज्याची मनिषा." मी उभाच राहिलो! बोललो, "ताई, चुकलं आमचं…" ती बोलली, "चुकलं काय त्यात? माझं लग्न ठरलंय, हळदीला किशोरीताई पायजेत. पण गाणं कम्प्युटरवालं हां! प्रणालीला बेंजोवर उरकलंत, मला तसलं नको. ओरिजनलमधे नाव माझं हाय! तुमी फक्त नवरा बदलून द्या."

सत्यजीतला विचारलं. बोलला, त्या मशीनमधे नवरा बदलायला दोन मिनटं लागतात. बेंजोवाला काढायला तर तेवढी पण लागली नव्हती.