हाताची खबर

बाबा : रागावलेलो नाही मी. कुणाला सांगितलंस, एवढंच सांग.

ठकू : काय कुणाला सांगितलं? बाबा, मी आत्ता दारातून आत आले. चपला तरी काढू द्या.

बाबा : काढ. बस. मग सांग.

ठकू : आणि हे सगळं खोक्यात का भरलंय? गेमचा कन्सोल बंद पडला?

बाबा : चालू आहे. म्हणूनच भरला. तू आणलेलं यंत्र आहे, तूच घेऊन जा.

ठकू : दोन वर्षं रोज खेळताय तुम्ही. दिवसभर बस चालवायची आणि घरी येऊन टीव्हीवर पुन्हा बसच चालवायची. आई म्हणते ना, न्हाव्यानं सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्याची हजामत करावी, तसं चाललंय यांचं. आणि आता एकदम नको?

बाबा : त्या बसमध्ये खरं माणूस कुणी नसतं. म्हणून बरं वाटायचं.

ठकू : मग झालं काय?

बाबा : तीन आठवड्यांपूर्वी कंडक्टर आला होता, आमचा नेहमीचा. सुट्टी होती दोघांना. तू बसलीयस तिथंच बसला होता. म्हणाला, दाखवा तरी तुमची घरची गाडी. मी यंत्र सुरू केलं. खेळाच्या आधी जाहिरात येते ना, तशी आली. माझ्या वयाचा एक माणूस, हातात कप, आणि खाली लिहिलेलं, ‘हात थरथरतात? दुर्लक्ष करू नका.’

ठकू : बरं.

बाबा : कंडक्टर हसला. म्हणाला, ‘दादा, तुम्हाला बोलावणं आलंय.’ गमतीत म्हणाला. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. मग गोळ्यांची. मग कुठल्यातरी तपासणी केंद्राची.

ठकू : जाहिराती येतच असतात हो. मला रोज सोफा विकायला येतात. घरात ठेवायला जागा नाही.

बाबा : मलाही यायच्या. बुटांच्या यायच्या. केस उगवायच्या तेलाची यायची. त्याचं काही नाही, टक्कल जगाला दिसतं. हे कुणाला दिसत नव्हतं.

ठकू : काय दिसत नव्हतं?

बाबा : पाणी घेतेस का?

ठकू : बाबा, काय दिसत नव्हतं?

बाबा : डावा हात. मांडीवर नुसता ठेवला की हलतो. कामात असला की बहुतेक गप्प असतो.

ठकू : कधीपासून?

बाबा : सहा महिने. सात धर.

ठकू : आणि तुम्ही मला विचारताय, मी कुणाला सांगितलं.

बाबा : मग कुणी सांगितलं? तू चष्म्याच्या दुकानात असतेस. दिवसभर लोकांची नावं, वयं, नंबर कॉम्प्युटरवर चढवतेस. वाटलं, कुठंतरी फॉर्म भरताना भरून गेली असशील. वडिलांना काय आजार, वगैरे.

ठकू : मला माहीतच नव्हतं तर भरणार काय?

बाबा : खरंच माहीत नव्हतं?

ठकू : नाही.

बाबा : दर रविवारी शेजारी बसून खेळतेस माझ्याबरोबर.

ठकू : टीव्हीकडे बघत होते. दिवसाला वीस वीस माणसांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघते मी. तुमच्या हाताकडे बघितलं नाही.

बाबा : मनाला लावून घेऊ नकोस. खेळ थांबला की मी तो मांडीखाली दाबून ठेवायचो.

ठकू : आईला माहितीये?

बाबा : बोललेली नाही. पण दोन महिने झाले, माझा चहाचा कप अर्धाच भरते. संपला की पुन्हा अर्धा.

ठकू : काही न बोलता?

बाबा : ती बोलली नाही, मी विचारलं नाही. तिच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता, तिला ते यंत्र सुरूही करता येत नाही. कंडक्टरवर आला. त्याच्याशी चार दिवस बोललो नाही. अकरा वर्षं एका गाडीवर आहोत. तो प्रत्येक फेरीला विचारायचा, दादा, काय चुकलं माझं. मी आरशात बघून गाडी चालवायचो.

ठकू : त्यानं काही केलेलं नाही हो.

बाबा : मग तू उरलीस.

ठकू : कंट्रोलर द्या जरा. हा. हे बघा, बस वळवायची असली की तुम्ही हा असा तिरका करता. याला कळतं ना, किती तिरका केला ते? म्हणजे याच्या आत हालचाल मोजणारं काहीतरी असतं.

बाबा : म्हणजे मी बस चालवत होतो, आणि हे हातातलं माझा हात मोजत होतं.

ठकू : असेल. मला नक्की माहीत नाही.

बाबा : त्याला परवानगी कुणी दिली?

ठकू : मी.

बाबा : हं.

ठकू : पहिल्यांदा सुरू करताना लांबच्या लांब पानं येतात. तुम्ही मागं उभे होतात, लवकर कर, लवकर कर म्हणत. मी सगळीकडे ‘मान्य’ दाबत गेले. पाच-सहा वेळा.

बाबा : वाचलं नाहीस?

ठकू : कुणीच वाचत नाही, बाबा.

बाबा : आमच्या तिकिटाच्या मागेही बारीक अक्षरात काहीतरी असतं. एवढी वर्षं झाली, मीही वाचलेलं नाही.

ठकू : थांबा, त्यांना फोन लावते. खोक्यावर नंबर आहे.

बाबा : राहू दे.

ठकू : लावते.

(फोन टेबलावर, स्पीकर चालू. पंधरा मिनिटं एकच धून वाजते.)

फोन : ग्राहकसेवेत आपलं स्वागत आहे. वाट पाहिल्याबद्दल आभार. गुणवत्तेसाठी हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. मी आपली काय मदत करू शकते?

ठकू : माझ्या वडिलांच्या कन्सोलवर आजाराच्या जाहिराती येताहेत. त्या का येतात, ते हवंय.

फोन : गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, मॅडम. नको असलेली जाहिरात आपण सेटिंगमध्ये जाऊन लपवू शकता.

ठकू : लपवायची नाहीये. त्यांनाच का आली, ते विचारतेय.

फोन : जाहिराती वापरकर्त्याच्या आवडीनिवडीनुसार दाखवल्या जातात.

बाबा : मला हात थरथरायची आवड नाही, बाई.

फोन : सर, आवड म्हणजे गट. आम्ही वापरकर्त्यांचे गट करतो. कुणाचंही नाव जाहिरातदाराला दिलं जात नाही.

बाबा : मी कुठल्या गटात आहे?

फोन : ती माहिती माझ्या स्क्रीनवर दिसत नाही, सर.

ठकू : कंट्रोलरच्या हालचालीवरून हे गट करता का तुम्ही?

फोन : हालचालीची माहिती खेळाचा अनुभव सुधारण्यासाठी वापरली जाते, आणि आपण मान्यता दिली असेल तर निवडक भागीदारांसोबत वाटली जाते.

ठकू : म्हणजे हो.

फोन : हो किंवा नाही असं मी सांगू शकत नाही, मॅडम. जाहिरात वयामुळेही आलेली असू शकते. ‘पंचावन्नच्या पुढे’ असा एक गट आहे. हालचालीमुळेही असू शकते. दोन्हीमुळेही.

बाबा : हे भागीदार कोण?

फोन : यादी आमच्या संकेतस्थळावर आहे. ती वेळोवेळी बदलते.

बाबा : त्यात बसवाले आहेत?

फोन : समजलं नाही, सर.

बाबा : बस चालवणारे. म्हणजे ज्यांच्याकडे मी नोकरी करतो ते. त्यांना कळतं का हे?

फोन : त्याबद्दल माझ्याकडे माहिती नाही, सर.

ठकू : त्यांचं खातं बंद करून टाका. सगळं पुसा.

फोन : नक्की, मॅडम. विनंती नोंदवते. आमच्याकडची माहिती तीस दिवसांत पुसली जाईल.

बाबा : आणि ज्यांना दिली त्यांच्याकडची?

फोन : ते त्या त्या भागीदाराच्या धोरणावर अवलंबून आहे.

बाबा : तुमच्या घरी आहे का हे यंत्र?

फोन : सर, हे संभाषण रेकॉर्ड होत आहे.

बाबा : बरं.

फोन : आणखी काही मदत करू शकते?

बाबा : नको. तुम्ही दिवसभर हेच बोलता?

फोन : आपला दिवस चांगला जावो, सर.

ठकू : ठेवला तिनं.

बाबा : तिचं काय चुकलं. तिला दिलंय तेवढंच ती वाचणार.

ठकू : पंचावन्नच्या पुढे, म्हणाली ना ती?

बाबा : म्हणाली.

ठकू : आमच्या दुकानाच्या वर एक घड्याळवाले काका बसतात. परवा भिंगाची काच बदलायला आले होते. त्यांच्याकडेही हाच कन्सोल आहे, बुद्धिबळ खेळतात. हसत सांगत होते, ‘ते मेलं यंत्र मला विचारतं, हात थरथरतात का. ऐकलं कुणी तर घड्याळ देईल का माझ्याकडे?’ मी तेव्हा नुसतं हसले. तुमचा आणि त्याचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

बाबा : त्यांचा हात कसा आहे?

ठकू : केसाएवढे स्क्रू बसवतात दिवसभर.

बाबा : हलत नाही.

ठकू : नाही. वय तुमच्याएवढंच, एखादं वर्ष जास्त.

बाबा : म्हणजे सगळ्या म्हाताऱ्यांना पाठवली.

ठकू : तसं दिसतंय. गोळी अंधारातच मारली असेल त्यांनी. किंवा काकांना वयामुळे आली, तुम्हाला हातामुळे. कुणी सांगेल असं वाटत नाही.

बाबा : म्हणजे त्यांना माझं काही माहीत नसेलही.

ठकू : नसेलही. मग सोडून द्या ना आता. हाताचं आपण डॉक्टरला दाखवू, ते वेगळं. बाबा? काय झालं?

बाबा : मी सोमवारी डेपोत सांगून टाकलं.

ठकू : काय सांगितलं?

बाबा : हाताचं. मला वाटलं, जाहिरातवाल्यांपर्यंत गेलं म्हणजे डेपोपर्यंतही गेलंच असणार. विकणारा काय एकालाच विकतो का. बोलावणं यायच्या आधी आपण गेलेलं बरं, म्हणून गेलो. साहेबांच्या टेबलावर चावी ठेवली आणि म्हटलं, तुमच्याकडे जे आलंय ते खरं आहे.

ठकू : मग?

बाबा : ते म्हणाले, काय आलंय? ड्रॉवर उघडून माझी फाइल काढली, चाळली. म्हणाले, आमच्याकडे काही नाही. कुणाची तक्रार आहे का तुमच्याबद्दल?

ठकू : मग तुम्ही तिथंच थांबायचं ना, बाबा.

बाबा : सांगून झालं होतं. ऐकल्यावर त्यांना तरी गाडी कशी देता येणार? माणूस भला आहे. पाणी मागवलं माझ्यासाठी. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांची तपासणी आहे. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. नंतरचं नंतर.

ठकू : म्हणजे एका जाहिरातीपायी.

बाबा : जाहिरातीपायी म्हण. हातापायी म्हण.

ठकू : कधी काही झालं होतं का? गाडीवर?

बाबा : एकदा. मोठ्या उतारावर गिअर बदलायचा होता. पाय वेळेवर गेला, हात मागं राहिला. किती वेळ, तर तू ‘एक’ म्हणशील तेवढा. मागे चाळीस माणसं होती. कुणी डुलक्या घेत होतं, कुणी मोबाइलवर होतं. एकालाही कळलं नाही. सगळ्यांना ज्याच्या त्याच्या थांब्यावर सोडलं मी.

ठकू : मग सांगितलंत ते बरंच झालं.

बाबा : हो. बरंच झालं.

ठकू : असं काय म्हणताय?

बाबा : त्या चाळीस माणसांसाठी सांगायला हवं होतं, ठके. तेव्हा नाही सांगितलं. पकडलो गेलो असं वाटलं, तेव्हा सांगितलं. आणि पकडलं कुणीच नव्हतं.

ठकू : दाखवा हात.

बाबा : आत्ता हलत नाहीये.

ठकू : नसू दे. द्या इकडे.

बाबा : तुझे हात किती गार आहेत.

ठकू : दुकानात एसी असतो. गुरुवारी मी येते तुमच्याबरोबर. सुट्टी टाकते.

बाबा : ये.

ठकू : आईला कधी सांगणार?

बाबा : बाजारातून येऊ दे. सांगतो.

ठकू : आज सांगा. तिला वाटतंय तुम्ही कामावर जाताय. काल फोनवर म्हणाली, बाबा पहाटेच गेले, नेहमीसारखे.

बाबा : जातो मी. गणवेश घालतो, डबा घेतो, जातो.

ठकू : गाडी नसताना?

बाबा : चालकांची विश्रांतीची खोली आहे, तिथं बसतो. कुणी काही म्हणत नाही. कंडक्टर येऊन जातो अधूनमधून. मी त्याला सांगितलं, तुझ्यावर उगाच संशय घेतला. तो म्हणाला, असू दे.

ठकू : तुमच्या गाडीवर आता कोण आहे?

बाबा : एक नवी बाई आली आहे. तिशीतली असेल.

ठकू : कशी चालवते?

बाबा : मी तिच्या गाडीत कुठे बसतो. खोलीच्या खिडकीतून निघताना दिसते तेवढीच.

ठकू : वेळेवर निघते?

बाबा : निघते. सहा दहा म्हणजे सहा दहा.