दुखवट्याची साडी

आमी लातूरकडचे. माझी शाळा सातवीतच सुटली, लगीन झालं, आन नवऱ्यामागं हिकडं मुळशीत, नांद्याला आले तवा हितं सगळी भाताची खाचरं, आन पल्याड हिंजवडीत कंपन्यांच्या काचा चमकायच्या. नवरा आधी बांधकामावर होता, मग तात्यांच्या, म्हंजे जागामालकांच्या, पत्र्याच्या शेडात आमी खानावळ काढली. कंपनीतली पोरं डबे न्यायची, ताई आज मेथी का न्हाई म्हणून भांडायची, चांगलं चाललं होतं बगा. आन नवरा गेला. तापाचं निमित्त झालं. मी आन पोरगी राह्यलो.

दहाव्याला गावाकडनं दीर आले, बापूभाऊजी. आमच्यात दुखवट्याला साडी आणायची रीत हाय, त्येंनी आणली, मी पदरात घेतली, रडत होते, ध्यान कुटं होतं. तेरावं झालं तसं म्हणले, वैनी, खानावळ माझ्या भावाची, म्हंजे आता माझी, तुमी पोरीला घेऊन गावाकडं चला. तात्यांशी बोलणं झालंय, भाडेकरार माझ्या नावानं करायचा, तुमची नुसती संमतीची सही. मी म्हणलं, इचार करून सांगते. तर म्हणले, आता मागं कशा सरता, साडी घेतली का न्हाई पदरात?

काय सांगू तुम्हाला! आमच्या गावात बहिणी भावाकडनं साडी घेत्यात आन जमिनीवरचा हक्क सोडत्यात, मी डोळ्यानं बगितलेलं. मला वाटलं झालं, रडता रडता मी बी सगळं सोडून बसले. साडी पिठाच्या डब्यावर पडून, घडी मोडायचं धाडस न्हाई, पोळ्या लाटताना नजर तिच्याकडंच.

वकील गाठावा तर कोण? हितं ज्याला त्याला तात्यांचंच आडनाव. पौडला, तालुक्याच्या कचेरीसमोर गेले, एका वकीलबाईंच्या पाटीवर तेच आडनाव दिसलं आन तशीच माघारी जीपमधी बसले. हे तात्यांच्या घरच्या काकूंना कळलं. हळूच म्हणल्या, अगं ती आमच्या भावकीतली सून. सासऱ्याइरुद्ध नणंदांची केस लढली ती, घरात अजून तिच्याशी कुणी धड बोलत न्हाई. जा तू. माझं नाव सांगू नगं म्हंजे झालं.

गेले. वकीलबाई पहिल्यांदा काय बोलल्या, ताई, तात्या माझे चुलत सासरे लागतात, आधीच सांगते, उठून जायचं असंल तर आत्ताच जा. मी उठले न्हाई. इतकं खरं मला हितं कुणी सांगितलंच नव्हतं. मग साडीचं सांगितलं, हुंदकाच फुटला. त्या हसल्या न्हाईत. सही केली का कुटं? न्हाई. कोऱ्या कागदावर? न्हाई वो, नुसती साडी घेतली. मग काय बी गेलेलं न्हाई तुमचं, म्हणल्या, साडीनं हक्क जात न्हाई, सहीनं जातो. धंदा आता तुमचा आन लेकीचा, सासूबाईंचा बी वाटा असता, पण त्या आधीच गेल्यात, दिराचा ह्यात संबंध न्हाई.

साडी परत करू का म्हणलं. नगं म्हणल्या, दुखवट्याची हाय, नातं तुटंल. नेसा की. भाडेकरार तुमच्या नावानं करू, तवा तीच नेसून या.

तात्यांशी त्याच बोलल्या. काय बोलल्या ठाव न्हाई, पण तात्या पौडला आले, तोंड पाडून का हुईना. भाऊजी बी आले. साडी नवी, कडक, निऱ्या बसंनात. बाईंनी अख्खा करार मोठ्यानं वाचला, मी मान हलवली का थांबून विचारायच्या, काय कळलं सांगा. सांगता येईना तितं परत वाचायच्या. तात्या म्हणले, सूनबाई, शाळा भरवलीस का? बाई म्हणल्या, व्हय मामा, तुमी बी बसा. मग मी सही केली, माझ्या नावाची. भाऊजी साडीकडं बगत होते. उठताना म्हणले, रंग चांगला दिसतोय, वैनी. बास, एवढंच.

आता शेडाला लागून इमारत उठतीया, तात्या जागा कधी इकतील नेम न्हाई, मी अजून दचकून उठते. पण कागद आला की आधी पौडची जीप धरते. भाऊजी दिवाळीला येत्यात, जेवून जात्यात. आन त्या बाई, त्येंच्याशी घरचे बोलाया लागले का न्हाई, विचारायचं धाडस झालं न्हाई कधी. त्येंच्या घरात कुणीतरी त्येंना जेवलीस का म्हणून इचारू दे, देवाकडं एवढंच मागते.