दिवसाआडची गोळी

...आणि वर मोठे डॉक्टर मलाच विचारतात, 'सिस्टर, शिकवलं होतंत ना?' अहो, बावीस वर्षं वॉर्डात गोळ्या देतेय मी! पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घेते, मनगटावरची पट्टी बघते, पाकीट तीनदा वाचते, आणि गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नाही. एक जण गोळी गालात धरून ठेवायचा, त्याला म्हणायचे, 'आता गाणं म्हणा!' बावीस वर्षांत एक गोळी इकडची तिकडे नाही. आणि नाव गेलं कशानं? शिकवण्यानं!

तुम्हाला सांगते, पाच नंबरचे आजोबा. हृदयाच्या झडपेचं दुखणं, रक्त पातळ करायची गोळी. जास्त झाली की रक्तस्राव, कमी पडली की गुठळी... थट्टेचं कामच नाही! घरी जाताना पलंगाशी बसून सांगितलं, 'आजोबा, ही दिवसाआड. समजलं का?' म्हणाले, 'समजलं!' आजींनीही मान डोलावली. आता 'समजलं का' विचारल्यावर 'नाही' म्हणणारा माणूस पाहिलाय तुम्ही?

दहाव्या दिवशी आजोबा परत हजर! हिरड्यांतून रक्त, दंडावर काळेनिळे डाग... गोळी त्यांची आणि उलटतपासणी माझी! मोठे डॉक्टर चष्म्यावरून बघतायत. आजोबा मात्र माझ्याच बाजूनं, 'बाईंना बोलू नका हो, त्यांनी सांगितलं तसंच केलं. दिवस आड गेला की गोळी! सूर्य समोरच्या इमारतीमागे गेला रे गेला की घेतो.' रोज! ऐकताय ना? रोज!! 'आणि परवा,' म्हणतात, 'आभाळ भरून आलं होतं, दिवस तीनदा आड गेला. दोनदा घेतली, तिसऱ्यांदा हिनं डबीच लपवली!'

'समजलं' म्हणाले होते हो!

बरं, निभावलं. रक्त तपासलं, गोळी थांबवली, चार दिवस ठेवून घेतलं. पण मी हार मानणारी नाही! या खेपेला 'समजलं का' नाहीच. कॅलेंडर आणलं, एक सोडून एक तारखेला लाल गोल काढले आणि म्हटलं, 'आता तुम्ही सिस्टर, मी पेशंट. शिकवा मला!' आजोबांनी काय ठणकावून शिकवलं! 'गोल असेल त्या दिवशी एक, नसेल त्या दिवशी काही नाही, विसरलात तर दुप्पट घ्यायची नाही, रक्त दिसलं तर थेट इथं यायचं!' जिंकले म्हटलं. आजींकडे वळले, 'आता तुम्ही सांगा.' आजी हसून म्हणतात, 'मला ऐकू कुठं येतं? तुम्ही गोड हसता, म्हणून मान डोलावते!'

झालं! ओढली खुर्ची, गेले आजींच्या कानाशी, आणि पहिल्यापासून, टिपेच्या आवाजात... एकदा नाही, चारदा! आजींना पाठ झालं. अख्ख्या वॉर्डाला पाठ झालं. इतकं छान शिकवलं, इतकं छान, की काल पाय मोडलेले सहा नंबरचे काका घरी निघाले आणि दारातच अडून बसले, 'सिस्टर, बाकी सगळं दिलंत... पण माझी ती दिवसाआडची गोळी?'