मयेकरांच्या घरातला समुद्र

मंडळी, ऐका! आधी एक सांगा — घरात काही सांडलं, बिघडलं की पहिलं बोट कुणाकडे जातं? ज्यानं केलं त्याच्याकडे? छे! ज्याला उलटून बोलता येत नाही त्याच्याकडे! खोटं वाटतं? मग चला रत्नागिरीला, रघुवीरराव मयेकरांकडे.

माणसं निवृत्त झाली की तीर्थयात्रेला जातात. यांनी समुद्रच घरात आणला! पहिल्या मजल्यावर, भिंतभर काचेची टाकी! खारं पाणी, जिवंत प्रवाळ, नारिंगी मासे! अहो, आमच्या नळाला पाणी नाही, आणि यांच्या माशांना गाळलेलं! हसा, हसा! पण माणूस कामाचा पक्का हं. या टाकीच्या खालीच दुसरी, लहान टाकी; वरचं पाणी पाइपातून त्या खालच्या टाकीत उतरायचं, तिथं गाळलं जायचं, पंप ते परत वर चढवायचा. सगळे पाइप स्वतः जोडलेले.

त्यांच्याकडे राहायला आली थोरली बहीण — अक्का. नवरा गेला, मूलबाळ नाही, सासरी कुणी विचारीना. भावानं 'ये' म्हटलं. वाईट नव्हता हो तो! पण झोपायचं कुठं? पॅसेजमध्ये! आतल्या खोलीत कोण? मिठाची पोती, जादाचे पंप, पाइपांचे तुकडे! आणि अक्काला? आपण इथं जड तर होत नाही ना, एवढीच धास्ती. म्हणून कुणी सांगायच्या आत कामाला हात घालायची.

आली नारळी पौर्णिमा. रघुवीरराव नारळ घेऊन किनाऱ्यावर गेले. अक्कानं राखीचं ताट मांडलं, आणि नजर गेली खालच्या टाकीकडे. बघते तो काय — अर्धी रिकामी! 'अगो बाई! आज समुद्राची पूजा, आणि घरच्या समुद्राचं भांडं रिकामं? सणाला असं ठेवतात का?' मावशी, तुम्ही ठेवता? नाही ना! भाऊ रोज सकाळी फिल्टरचं पाणी तिथं ओततो, हे तिनं पाहिलेलं. मग काय, बादलीवर बादली! टाकी काठोकाठ! काचेला हळदकुंकूही लावलं बिचारीनं.

आणि वीज गेली!

पंप थांबला. पण वरचं पाणी थांबतं होय? ते उतरलंच! खाली तसूभर जागा नाही — जाणार कुठं? फरशीवर, जिन्यात, तिथून तळमजल्यावर पाध्येवहिनींच्या घरात! अक्का टॉवेलनं पुसते, चादरीनं पुसते, शेवटी अंगावरच्या पदरानं पुसते... पाणी आवरेना.

इतक्यात रघुवीरराव दारात. "टाकीला हात कुणी लावला?"

"मीच रे, रघू. भांडं रिकामं दिसलं..."

"तुला सांगितलं होतं कुणी? या घरात राहायचं तर गप्प बसून राहायचं!"

अरेरे! सणाच्या दिवशी, मंडळी! सख्ख्या बहिणीला! अक्कानं काय केलं? आपली पिशवी ओढली आणि लुगडी भरायला लागली.

पाध्येवहिनी तरातरा वर आल्या त्या भांडायलाच. जिन्यात दोघांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलेलं. पण ती पिशवी पाहिली आणि त्यांचा आवाज खाली आला. म्हणाल्या, "भाऊजी, ती टाकी अर्धी रिकामी ठेवता तरी कशाला?"

झालं! आवडीचा विषय! "अहो वहिनी, वीज गेली की वरचं पाणी माघारी येतं. येणारच ते! म्हणून त्याच्यासाठी आधीच जागा सोडायची. ती रिकामी नसते, परत येणाऱ्यासाठी राखलेली..."

आणि इथं जीभ अडखळली. माघारी येणाऱ्या पाण्याची एवढी काळजी! आणि माघारी आलेली बहीण? ती पॅसेजमध्ये!

तसेच आत गेले. मिठाची पोती ओढून बाहेर काढली, पंप काढले, पाइप काढले. घामाघूम! मग अक्कासमोर येऊन उभे राहिले.

"अक्का, पिशवी दे. तुझ्या खोलीत ठेवतो. टाकीचं तुला मीच सांगायला हवं होतं, चूक माझी. आणि बोललो ते..." माणूस रडला हो!

अक्का म्हणाली, "रडतोस काय वेड्या! आधी हात पुढं कर, राखी बांधायची राहिलीय."

मासे, प्रवाळ? जगले, जगले! त्यांची चिंता सोडा. आपलं बघा!

मंडळी, कुणाच्या घरची वीज कधी जाईल, सांगता येतं का? उद्या तुमची लेक, तुमची बहीण, नाहीतर शहरात हरलेला भाऊ दारात उभा राहील. 'ये' तर तुम्ही म्हणालच, सगळेच म्हणतात! पण त्यानं पाठ टेकायची कुठं? आज घरी गेल्यावर ती जागा बघून ठेवा. मग डोळे मिटून देवाचं नाव घ्या, त्याला ते पोचेल!