परसात कढलेलं मुशीचं तेल

विलायती बाटलीतून आलं की औषध आणि कोळ्यांच्या मिरकरवाड्यातून आलं की घाण, असं मानणारे लोकच आपल्या पोरांना आजारी ठेवतात. लांब कशाला, आमच्या घरातलंच सांगतो.

माझी पुतणी यमू. दिवेलागण झाली की तिला दिसेनासं व्हायचं. डॉक्टरांनी दिलेलं विलायती तेल संपलं आणि नेमक्या पावसाळ्यासाठी आगबोटी बंद झाल्या. नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईहून नवी बाटली येणं शक्य नव्हतं. तिकडे मिरकरवाड्यात होड्या वर ओढून त्यांना मुशी माशाच्या यकृताचं तेल चोपडत होते आणि उरलेली यकृतं वाळूत फेकत होते. मी कॉलेजात रसायन शिकलेला. ताजी यकृतं उचलून आणली आणि परसात मंद आचेवर कढत ठेवली.

वासाच्या मागोमाग माझे वडील, तात्या, आले.

"सोवळ्याच्या घरात मासे? ही चूल तरी बाहेर जाईल, नाहीतर तू."

"मी जातो. पण यमूला तेल पाजून. तात्या, तुमच्या त्या बाटलीत काय होतं?"

"औषध."

"माशाच्याच यकृताचं तेल होतं. रोज तुम्हीच आपल्या हाताने पाजत होतात."

वहिनीने माझ्या हातातला चमचा घेतला, यमूचं नाक दाबलं आणि तो तिच्या तोंडात रिकामा केला.

कुंपणापलीकडून शेजारच्या गंगूकाकू म्हणाल्या, "अरे, पण ते विलायतेतले मासे. ते कुठे आपल्या ओळखीचे होते?"