‘आमचे हे’ आणि महादेवाची सनई

मंडळी, एक सांगा! आपलं माणूस जिवापाड जपलं, पण तोंडाने कधी त्याचं नावच घेतलं नाही, तर जगाला ते सापडणार कसं? माना काय डोलावता! बोला की! नाही ना सांगता येत? मग ऐका.

नेटवर व्हिडिओ चढवायची, शोधायची सोय नुकतीच आली होती, तेव्हाची गोष्ट. बोरेगावच्या महादेवापुढे मल्लिनाथ गुरव रोज सनई वाजवायचे. आणि एक दिवस देवळात काय आलं? विजेचं यंत्र! बटण दाबा — नगारा, झांज, घंटा, सगळं आपोआप! हसू नका, तुमच्या देवळातही आहे ते!

पंच बसवंतअण्णा म्हणाले, “मल्लिनाथ, आता सनई पुरे. ऐकतंय कोण?”

मल्लिनाथ नुसते सनई पुसत राहिले. पण गिरिजाबाई, त्यांची बायको — ती कसली गप्प बसते!

“अख्खं जग ऐकतंय, अण्णा! इरफानच्या कॅफेतून नेटवर चढवलीय मी यांची सनई!”

“असं? चला, बघू. सापडली तर यंत्र परत. नाही सापडली तर सनई बंद!”

निघाली की वरात कॅफेत! इरफानने शोधायला घातलं — ‘मल्लिनाथ गुरव सनई’. चक्र फिरतंय... फिरतंय... तेव्हाचं नेट ते! आणि उत्तर? काहीही सापडलं नाही!

अण्णा हसले. मल्लिनाथांनी सनई फडक्यात गुंडाळली.

“अरे इरफान, व्हिडिओ तूच चढवलास ना रे?” गिरिजाबाईंनी विचारलं.

“चढवला की, काकू. पण तुम्ही सांगितलं तेच नाव घातलं.”

“काय सांगितलं मी?”

“‘आमचे हे’!”

अहो, नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं! पण ‘आमचे हे’ म्हणून नेटवर कोण शोधणार? जिचे तिचे ‘हे’ घरात बसलेलेच असतात!

इरफानने तो व्हिडिओ उघडला. बघतात तर खाली परक्या माणसांची रांग! ‘कोण वाजवतंय? नाव सांगा!’ ‘मी मस्कतला असतो. माझ्या लग्नात हीच सनई होती. गुरवकाकांचं नाव काय हो?’ चुकूनमाकून तिथे पोचलेला जो तो नावच विचारतोय!

“काकू, आता तरी सांगा. काय घालू?”

गिरिजाबाई उठल्या. पदर सारखा केला. समोर सगळे पंच!

“सात छिद्रांतून निघतो सनईचा सूर,
मल्लिनाथांचं नाव घेते, जाऊ दे दूरदूर!”

इरफानने नाव घातलं. पुन्हा शोधलं. चक्र फिरलं — आणि पहिल्याच ओळीत मल्लिनाथ! आवाज सोडला मोठा! रस्त्यावरचे टांगे थांबले, चहावाला किटली घेऊन आत आला! अण्णांनी टोपी काढली नि म्हणाले, “गुरव, उद्या पहाटे उशीर करू नका. यंत्र मी धाडतो परत.”

मल्लिनाथ डोळे पुसत म्हणाले, “अगं, आणखी एकदा घे की नाव!”

“आता? आता शोधा नेटवर!”

मंडळी, देव काय लपून बसलाय? तो केव्हाचा चढवलेलाच आहे — चराचरात! आपणच ‘आमचं ते हे’ म्हणत बसलोय! घरी गेल्यावर ज्या माणसाला कधी नावाने गोंजारलं नाही, त्याचं नाव घ्या. लाजा हव्या तर, पण घ्या! आणि आत्ता, सराव म्हणून, महादेवाचं नाव होऊ द्या — मोठ्याने! बटण नाही इथे, तोंडानेच घ्यायचंय!